शांब्रेलची पाणीपाळी

डॉक्टर भार्गवीच्या हाताला वेग होता आणि तिला त्याचा भारी अभिमान होता. मिरजेला शिकली, मुंबईत दोन वर्षं वॉर्डात उभ्या उभ्या जेवली, आणि मग आयर्लंडला आली. इतर डॉक्टर एका म्हाताऱ्या पेशंटची स्मरणशक्ती तपासायला तासभर लावत, ही पंचवीस मिनिटांत कागद भरून मोकळी. इथल्या लोकांना बोलायची हौस फार. आधी हवा, मग मॅच, मग कुणाच्या तरी आत्याचं घर, आणि मग कुठे मुद्दा. भार्गवी हसून मान डोलवायची आणि मुद्द्यावर यायची. कामाची बाई, असं सगळेच म्हणत. पण कामाच्या बायकांच्या हातून काही चुका अशा होतात की त्या आळशी माणसाला करताच येत नाहीत. तशी एक तिच्या हातून झाली.

ती राहायची पोर्टलीशला, नवरा रणजित आणि आठ वर्षांची लेक रेवा यांच्याबरोबर. इस्पितळ तिथून बरंच लांब, डोंगराच्या अंगाला होतं, म्हाताऱ्या माणसांसाठीचं छोटंसं. त्याचं नाव कशाला सांगायचं, चूक इस्पितळाची नव्हती, हिची होती.

मार्चमध्ये तिथे ओनोरे आले. वय चौऱ्याऐंशी, न्यूमोनिया होऊन गेलेला, अंगावर नुसती हाडं आणि मिशा. मूळचे फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतातले. पन्नास वर्षांपूर्वी ब्रीडा नावाची आयरिश मुलगी तिकडे डोंगर चढायला गेली आणि उतरताना यांना घेऊन आली. तेव्हापासून स्लीव्ह ब्लूम डोंगराच्या उतारावर दोघांनी शेळ्या पाळल्या, चीज केलं, बाजारात विकलं. मूलबाळ नाही. ब्रीडा चार वर्षांमागे गेली. आता घरात ओनोरे, चौदा शेळ्या आणि वरच्या अंगाला राहणारी शेजारीण ऑर्ला, जी रोज सकाळी डोकावून जायची. नर्सेसना त्यांचं नाव काही केल्या म्हणता येईना, तेव्हा 'चार नंबरचा युअर मॅन', म्हणजे आपला तो बाबा, एवढ्यावर त्यांनी भागवलं.

युअर मॅनला घरी जायचं होतं. रोज, येईल त्याला ते एकच विचारत, मला घरी कधी सोडणार? आणि हा निर्णय परीक्षेवर होता. तीस गुणांची ती परीक्षा, तारीख सांगा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. भार्गवीने मंगळवारी ती घेतली. ओनोरे तारखेला दोन दिवसांनी चुकले. पाचांतले दोनच शब्द आठवले. वजाबाकी त्यांनी फ्रेंचमध्ये पुटपुटत केली आणि निम्म्यावर सोडली. घड्याळाच्या जागी त्यांनी काय काढलं, तर करवतीच्या दात्यांसारखी एक लांब रेघ, तिच्या वर एक गोळा, आणि खाली चौकोनच चौकोन, त्यातला एक काळा केलेला. भार्गवीने एकदा विचारलं, ओनोरे, हे घड्याळ आहे? ते म्हणाले, हो. तिने शून्य लिहिलं.

एकूण पंधरा. शेरा मारला, घड्याळाची कल्पना हरवली आहे, एकटं राहणं सुरक्षित नाही, कायमच्या शुश्रूषागृहाची शिफारस. पुढच्या गुरुवारी सगळ्यांची बैठक होती. एका शुश्रूषागृहात खाट रिकामी होणार होती. ओनोरे तिथे गेले की शेळ्या विकल्या जाणार, घराला कुलूप लागणार. एकदा लागलेलं असं कुलूप सहसा निघत नाही, हे त्या वॉर्डात झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी जेवताना तिने रणजितला ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. माणसाचं नाव नाही, गाव नाही, तेवढं पथ्य तिने पाळलं. मेंदू कसा फिरतो बघ म्हणून विजेच्या बिलाच्या पाकिटावर तसंच चित्रही काढून दाखवलं. रणजित म्हणाला, बिचारा. रेवा तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली की चित्र ग्रँड आहे, तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांपेक्षा छान आहे. आणि भार्गवीच्या वडिलांनी, गुरुनाथआप्पांनी, हातातला घास खाली ठेवला.

आप्पा तीन महिन्यांसाठी फलटणहून आले होते. उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेला, कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. इथे त्यांना एकच तक्रार होती, एवढं पाणी आभाळातून फुकट पडतं आणि कुणाला त्याची किंमत नाही. त्यांनी पाकीट हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला.

"ह्ये कुणी काढलं?"

"एका पेशंटनं. घड्याळ काढा म्हटलं तर हे काढलं."

"मंग बरोबर काढलंय की. आगं, ही पाणीपाळी हाय."

भार्गवी हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. ही वरची रेघ डोंगराची. हा गोळा सूर्य. खाली हे चौकोन म्हणजे वावरं, आणि मधून ही जी बारीक रेघ गेलीय ती पाट. काळं केलंय त्या वावरात ह्या घटकेला पाणी चालू आहे. आमच्याकडं जुनी माणसं पाटाचं पाणी वावरात वळवायला दारं धरायची तेव्हा कुणाच्या मनगटावर घड्याळ होतं? देवळाच्या कळसाची सावली अमक्या दगडावर आली की पाणी ह्याचं मोडायचं आणि त्याला द्यायचं. त्यावरून डोकी फुटायची, पण सावलीला कुणी खोटं म्हणत नव्हतं. नोकरीत पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः असले कागद पाहिले होते.

"बाळ, तू त्यास्नी इचारलं का, ह्ये काय हाय म्हणून?" आप्पांनी विचारलं.

तिने विचारलं होतं, हे घड्याळ आहे का. हे काय आहे, असं नव्हतं विचारलं. जेवण तिने कसंबसं संपवलं.

दुसऱ्या दिवशी राउंड आटोपून ती चार नंबरच्या खाटेशी गेली, खुर्ची ओढली आणि बसली. बसणं हीच मोठी गोष्ट होती, नर्सेस एकमेकींकडे बघायला लागल्या. तिने तो कागद ओनोरेंच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, मला यातलं काही कळलं नाही, सांगाल का.

आणि काय सांगू, म्हाताऱ्याच्या तोंडाचं कुलूपच निघालं. दीड तास ते बोलत होते. मधे नर्स गोळ्या घेऊन आली, तिला भार्गवीनेच परतवलं.

गावाचं नाव शांब्रेल. इटलीच्या हद्दीपासून चालत एका दिवसावर, समुद्रसपाटीपासून साडेचौदाशे मीटर. दरी पूर्व-पश्चिम, त्यामुळे गावाला दोन अंगं, एक उन्हाचं, एक सावलीचं. उन्हाच्या अंगाला घरं, राय नावाच्या धान्याची आणि बटाट्याची शेतं, गवताची कुरणं. सावलीच्या अंगाला नुसतं जंगल, तिथलं बर्फ मे महिना आला तरी हलायचं नाही. लग्न जुळवताना लोक आधी विचारायचे, शेत कुठल्या अंगाला आहे? आणि गंमत अशी की एवढ्या उंचीवर पाऊस मात्र बेताचाच. ढग पलीकडच्या उंच डोंगरांवर रिकामे होऊन येत. भार्गवीला शाळेतला भूगोल आठवला, पर्जन्यछायेचा प्रदेश, आणि आठवलं की फलटण तरी दुसरं काय आहे.

मग सहाशे वर्षांपूर्वी त्या चाळीस घरांनी पाट खणला. अकरा किलोमीटर, वरच्या हिमनदीपासून. जिथे उभा कडा होता तिथे माणसं दोराने लोंबकळली, लाकडाच्या पन्हळी कड्याला ठोकल्या आणि त्यातून पाणी आणलं. राजाने हुकूम दिला नव्हता, कुणी सरदार आला नव्हता. दर वसंतात गाव जमायचं, प्रत्येक घरातून एक माणूस पाट साफ करायला जायचा, आणि एक जण पाणीवाला म्हणून निवडला जायचा. घरात पुरुष नसेल तर विधवा बाईही त्या निवडीत हात वर करायची. हे सांगताना ओनोरेंची मान अशी ताठ झाली, की जणू सहाशे वर्षांपूर्वी ते स्वतःच दोराला लटकले होते.

थंडीत गाव बर्फात बुडायचं. काम नाही, म्हणून गावातले शिकलेले पुरुष खालच्या मुलखात मास्तरकी करायला उतरायचे. जत्रेत उभे राहायचे, टोपीत पिसं खोवून. एक पीस म्हणजे हा वाचायला शिकवील, दोन म्हणजे हिशोबही, तीन म्हणजे लॅटिनसुद्धा. मेंढरं राखणाऱ्या गावाने खालच्या श्रीमंत गावांना अक्षरं शिकवली. ओनोरेंचे पणजोबा तीन पिसांचे होते. भार्गवीने तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी ठेवलं.

चर्चची घंटा राज्यक्रांतीत तोफा ओतायला नेली ती परत आलीच नाही. घड्याळ तर कधी नव्हतंच. पण दक्षिणेला समोर डोंगररांग होती आणि तिच्या पाच शिखरांना नावं होती, नवाचं, दहाचं, अकराचं, मध्यान्हीचं आणि एकाचं. सूर्य ज्या शिखरावर तो तास. नऊ ते दहा पाणी अमक्याचं, दहा ते अकरा तमक्याचं. पोराला अंक शिकवायच्या आधी शिखरं शिकवायचे.

ओनोरेंनी कागदावर बोट ठेवलं. "तू मला तास काढायला सांगितलंस. मी माझे तास काढले. हे अकराचं शिखर. सूर्य त्याच्या जरासा उजवीकडे. पाणी विधवा आलारच्या शेतात नुकतंच शिरलंय."

भार्गवी दक्षिणेच्या खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि हवेत हात फिरवून बघितला. दक्षिणेकडे तोंड केलं की सूर्य डावीकडून उजवीकडे जातो. तिसऱ्या दात्याच्या किंचित उजवीकडे, म्हणजे अकरा वाजून दहा. मिनिटाचाही फरक नव्हता. तिने त्याला शून्य दिलं होतं. तिला तिथल्या तिथे रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

ओनोरेंना त्याचं काही विशेष वाटलं नाही. ते पुढे सांगतच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला सैन्याने गाव रिकामं केलं, तेव्हा ते तीन-चार वर्षांचे, आईच्या पाठीवर. परतले तेव्हा निम्म्या घरांना छपरं नव्हती आणि पाट सात ठिकाणी फुटलेला. लोकांनी आधी पाट जोडला. एकोणीस दिवस सगळं गाव उघड्यावर झोपलं, मगच छपरांना हात लावला. आता हिवाळ्यात तिथे सातच घरांतून धूर निघतो, पण पाट वाहतो, असं ओनोरे म्हणाले आणि दमून डोळे मिटून पडले.

भार्गवी सरळ डॉक्टर कीओबाईंच्या खोलीत गेली. त्या वॉर्डच्या प्रमुख, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. माझा कागद चुकला आहे, असं तिने सांगितलं. ताप उतरून चार दिवसही झाले नव्हते तेव्हा मी परीक्षा घेतली, आणि उत्तर न समजून घेता गुण कापले. परदेशी डॉक्टरला असं सांगायला किती जड जातं ते ज्याचं त्याला माहीत. वर्षभराचं शिफारसपत्र याच बाईंच्या हातात होतं. कीओबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, परीक्षा परत घे.

परत घेतली. पन्नास मिनिटं लागली. बावीस गुण पडले. घड्याळाचे या वेळी पूर्ण दिले, पण पाच शब्दांतले दोन काही आठवले नाहीत ते नाहीतच. म्हणजे बघा, म्हातारा अगदी ठणठणीत होता असं नव्हे. विसरत होता. भार्गवीला वाटलं होतं एका चित्राने सगळं मिटेल, तसं काही मिटलं नाही.

गुरुवारच्या बैठकीला तिने एक हट्ट धरला. ओनोरेंबद्दल बोलायचं तर ओनोरे खोलीत हवेत. समाजसेविका म्हणाली की त्यांना त्रास होईल. भार्गवी म्हणाली, होऊ दे, त्यांच्या घराचा प्रश्न आहे. शेवटी चाकांची खुर्ची आली. ऑर्लाही आली, शेणाने माखलेले बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर.

समाजसेविकेने यादी वाचली, आणि ती काही दुष्टपणाने वाचली नाही. दोनदा गॅस चालू राहिला. फेब्रुवारीत बर्फातून शेळ्यांमागे गेले आणि ऑर्लाने त्यांना बांधावरून उचलून आणलं. गाडी खांबाला घासली. एकेक वाक्य खरं होतं. भार्गवी ओनोरेंची बाजू मांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"मी बोलू?"

कीओबाईंनी मान हलवली. ओनोरे म्हणाले, आमच्याकडे वसंतातल्या पहिल्या रविवारी पाणीवाला सगळ्यांच्या पाळ्या मोठ्याने वाचतो. सगळं गाव उभं असतं. एखादा म्हातारा झाला, रात्री उठून कड्यावरच्या पाटापर्यंत जाणं त्याला झेपत नाही, सगळ्यांना दिसत असतं. पण कुणीही त्याचं नाव यादीतून काढत नाही. मुलगा काढत नाही, पाद्री काढत नाही. त्याने स्वतः पुढे यायचं आणि आपल्या तोंडाने म्हणायचं, माझी पाळी मी अमक्याला दिली. वर्षभर सगळे थांबतात, दोन वर्षं थांबतात. त्याचं पाणी वाया जातं, तरी थांबतात. माझ्या आजोबांनी पाळी दिली ती ज्याच्याशी वीस वर्षं बोलणं नव्हतं त्याला, कारण पाटावर वेळेवर जाणारा तोच होता.

मग त्यांनी खुर्चीचे हात धरले. नर्स पुढे झाली, तिला त्यांनी नजरेनेच थांबवलं. उठायला बराच वेळ लागला.

"शेळ्या मी ऑर्लाला दिल्या. गाडी दिली, किल्ली हिच्याकडे द्या. गॅस दिला, जेवणाचा डबा येऊ दे." ते थांबले, श्वास घेतला. "घर मी दिलेलं नाही."

समाजसेविकेने पेन खाली ठेवलं. कीओबाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, आणि घरही झेपेनासं होईल तेव्हा? तुम्हालाच कळलं नाही तर?

ओनोरेंनी भार्गवीकडे बोट केलं. "तेव्हा हिनं येऊन मला विचारायचं."

आता खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की जुलैमध्ये भार्गवीची बदली आहे. इथे शिकाऊ डॉक्टर एका जागी राहत नाहीत, जुलै आला की बिऱ्हाड उचलायचं. तिला कॉर्क मिळालं होतं. नाही म्हणायला कारण चांगलं होतं आणि खरंही होतं. भार्गवी म्हणाली, "येईन."

ओनोरे घरी गेले. जुलैमध्ये भार्गवी कॉर्कला गेली. आप्पा फलटणला परतले, पण दर रविवारी फोनवर आधी म्हाताऱ्याची खुशाली विचारत, मग नातीची. महिन्यातून एकदा भार्गवी ओनोरेंना फोन करी. ते हवा सांगत, शेळ्यांपैकी कोण व्याली ते सांगत, आणि कधी कधी तीच बातमी दोनदा सांगत. ती दोन्ही वेळा नवी असल्यासारखी ऐके. घाई करायची तिची सवय गेली असं म्हणवत नाही, पण फोनवर तरी गेली.

असं सव्वा वर्ष गेलं. ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी सकाळी त्यांचाच फोन आला. एवढंच म्हणाले, ये.

ती एकटीच निघाली. दुपारी स्लीव्ह ब्लूमचा उतार चढून घराशी पोचली तेव्हा ऑर्ला दारात उभी होती, डोळे लाल. आत ओनोरे टेबलाशी बसलेले, कोट घातलेला, मिशा कातरलेल्या. त्यांनी तिला ओळखलं, पण नाव आठवायला वेळ लागला. घर स्वच्छ होतं. टेबलावर चीजचा एक तुकडा आणि तीन बशा होत्या.

"विचार," ते म्हणाले.

शेकडो म्हाताऱ्यांना भार्गवीने हजार प्रश्न विचारले होते, पण असा कधी विचारला नव्हता. तिला वाटलं, म्हणावं, अजून नाही, अजून सहा महिने जाऊ देत. पण ते तिने म्हणायचं नव्हतं. ते वाट बघत होते. ऑर्लाने तोंड फिरवलं.

"ओनोरे," ती शेवटी म्हणाली, "घर अजून झेपतंय का?"

त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकले. ती मदतीला पुढे झाली नाही, हात मागे घट्ट धरून उभी राहिली. ते उठले, पुरते ताठ उभे राहिले, आणि जणू सगळं गाव समोर आहे अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "घर मी ऑर्लाला दिलं."

भार्गवीला हुंदका आवरेना. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, शेजारची खुर्ची ओढली आणि तिला खूण केली, बस.